बाईसाहेबांची चाचणी

४ फेब्रुवारी

आज पुन्हा खोगिरावर! पडल्यापासून पहिल्यांदाच बाईसाहेबांवर बसले. आमची तांबडी घोडी — नखऱ्यांमुळे पडलेलं नाव. मागच्या हंगामात भर शर्यतीत दोघी एकत्रच आपटलो. तिचा पाय दुखावला, माझा खांदा. आता नियम असा, की इतके महिने बाहेर राहिलेल्या घोडीने घड्याळवाल्यांसमोर ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पळून दाखवायचं, मग पशुवैद्य पाय बघणार, तेव्हा कुठे शर्यतीत नाव. तिला एवढी परीक्षा — आणि मला मात्र डॉक्टरच्या एका कागदावर सोडलं!

काका म्हणाले (तेच आमचे ट्रेनर), मालकांनी निर्वाणीचं सांगितलंय. या महिन्यात पास झाली नाही तर विकणार.

७ फेब्रुवारी

डबा न उघडताच परत दिला. आईने फोनवर विचारलं, जेवलीस का. जेवले म्हटलं.

१० फेब्रुवारी

बाईसाहेब काय सुंदर पळाल्या — आणि सगळं पाण्यात! खोगिराखाली नंबराचं कापड घालतात, ते मी शेजारच्या घोड्याचं उचललं. तोही तांबडाच. घड्याळवाल्यांनी लांबून नंबर वाचला आणि वेळ त्याच्या नावावर लावली. काकांनी पुष्कळ विनवण्या केल्या. पुन्हा पळवा, एवढंच उत्तर.

काका मला ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. पण खरं लिहू? मान खाली घालून उभी होते आणि आतून हायसं वाटत होतं. शर्यत लांबली! तिचं नशीब टांगणीला आणि मी सुटले म्हणून खूश. स्वतःचीच लाज वाटली.

१८ फेब्रुवारी

पास!! कापड या वेळी काकांनी स्वतः घातलं, माझ्यावर भरवसा कसला. पशुवैद्यांनी चारही पाय चाचपले, तिला चालवून, पळवून पाहिलं, "ठणठणीत" म्हणाले. मी तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. आता तिला कुणी विकत नाही.

संध्याकाळी शर्यतीत नाव गेलं. तिच्या नावापुढे स्वार म्हणून माझं. ते वाचलं आणि रात्रभर दिवा लावून बसले.

१९ फेब्रुवारी

काका तिच्या पायाला तेल चोळत होते. म्हटलं, "मी नाही बसणार. आता कधीच नाही." वर न बघता म्हणाले, "बरं झालं बोललीस. स्वार मिळेल दुसरा. तू तो पाय घे चोळायला."

मग आईला फोन करून तेच सांगितलं. म्हणाली, "तू पडलीस तेव्हापासून धड डोळा लागला नाही. आज झोपते गं मी."