एका कडीत तीन कुलपं

अण्णा, हल्ली आमच्याकडे जेवायला बसण्याआधी कुलपं लागतात. एक तुमचं पितळी, ते मी लावते, एक तुमच्या नातीचं आणि एक पणतीचं, गुलाबी, सायकलचं. तिन्ही माझ्या शाळेच्या पत्र्याच्या पेटीला. आत आमचे फोन असतात. तुम्ही पाहिलेला फोन कोपऱ्यात बसून वाजायचा. हा हातातच राहतो आणि वाजला नाही तरी बोलावत असतो.

तुमच्या कंपनीतली ती खंडेनवमी मला अजून दिसते. घरच्यांना आत यायची मुभा, प्रेसला झेंडूचे हार, आणि मी कॉन्व्हेंटच्या गणवेशात, कारण माझ्याकडे त्याहून चांगला कपडा नव्हता. एका मशीनला मात्र हार नव्हता. सुट्टीचा फायदा घेऊन तिची दुरुस्ती चालली होती. तिचा मेन स्विच बंद करून त्याला एकाच कडीत चार कुलपं लावली होती. मी त्यातलं एक ओढून पाहिलं. "हात काढ!" तुम्ही माझ्यावर आयुष्यात एकदाच ओरडलात. मी रडवेली झाले, तेव्हा गुडघ्यावर बसलात. "पोरी, चार फिटर आत हात घालून काम करत्यात. हरेकाचं एक कुलूप. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. आपला हात आत हाय तवर चावी आपल्याच खिशात."

चऱ्होलीत आपल्या ज्वारीच्या रानावर आता इमारत आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी लेकीकडे राहते. लेक चाकणच्या कारखान्यात तुमच्याच खात्यात आहे, मेंटेनन्सला. तिथली पोरं तिला मॅडम म्हणतात. अण्णा, मॅडम! पण मॅडमचा फोन जेवतानाही ताटाशेजारी. पणती शाळेतलं काही सांगू लागली की "हं, बोल," एवढंच, मान खाली. मीही काही कमी नाही, पुरणपोळीचे व्हिडिओ बघत वरण गार करायची. एके दिवशी पोरगी आमच्याशी बोलायची थांबली आणि दहीभाताला सांगू लागली, "ऐक हं, आज मला कबड्डीच्या टीममध्ये घेतलं." आम्ही दोघी समोरच बसलो होतो.

नन्सच्या हाताखाली वाढलेली मी, मला जप्त करणं तेवढं येतं. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन उचलला आणि तुरीच्या डब्यात खुपसला. नेमकी तेव्हाच तिकडे कारखान्यात मशीनची लाइन थांबली. डबा वाजतोय, आणि ती घरभर शोधतेय. "आई, माझी लाइन उभी आहे तिकडे! फोन लपवायला मी काय शाळेत आहे?"

ती बरोबर होती. दुसऱ्याच्या कुलपाला मी पुन्हा हात घातला होता. मग मी तिला खंडेनवमीची गोष्ट सांगितली. ती हसायलाच लागली. "अगं, हेच तर मी रोज नव्या पोरांना शिकवते. आणि घरी माझं एकही कुलूप नाही." तिनं माझ्यासमोर कारखान्यात फोन लावला. "जेवताना अर्धा तास मी नसते. लाइन थांबली तर घरच्या लँडलाइनवर करा. बाकी सगळं नंतर." पलीकडचा काहीतरी कुरकुरला असावा. "नाही भाऊ, तेही नंतर," ती म्हणाली. अण्णा, तो आवाज तुमचा होता. मला इतका अभिमान वाटला, की आमटी ढवळायची राहिली.

पेटीवर पणतीनं लाल खडूनं कारखान्यातल्यासारखी पाटी लिहून लावली आहे: माणसं जेवत आहेत. चालू करू नये. आता जेवताना तीच जास्त बोलते. कबड्डीत कुणाची पकड ढिली, कोण रडकं, सगळं. तिची आई मध्येच "मग?" विचारते, तेव्हा पोरगी घास हातात धरून आणखी रंगवून सांगते. लँडलाइन आजवर एकदाच वाजली.

हे कागदावर लिहिते आहे, कारण फोन अजून पेटीत आहे. पाठवायचं कुठे, म्हणून हेही पेटीतच ठेवीन. एक सांगायचं राहिलं. काल जेवताना गाऊनच्या खिशात हात घालून मी चावी चाचपत होते. पणतीनं पाहिलं. "आजी, काढणार होतीस ना कुलूप?"

"नाही गं," मी म्हटलं, "चावी आहे का बघत होते."

काढणारच होते, अण्णा.