शिमग्याच्या नाटकातली सून मी होते, अण्णा

अण्णा, तुमचा नातू मला खोटं ठरवतोय. तोंडावर तसं म्हणत नाही बिचारा, तेवढी रीत आहे त्याला, पण फोनवर तो 'बरं, बरं' म्हणत विषय बदलायला लागला की इथे लंडनच्या स्वयंपाकघरात बसून मला बरोबर कळतं. गावचं नाट्यमंडळ स्मरणिका काढतंय. तीत माझा फोटो घालणार आणि खाली 'गावची लेक विलायतेच्या टीव्हीवर' असं काहीतरी छापणार. म्हणून त्यानं विचारलं, "आत्या, तुझं पहिलं काम कुठलं गं?" मी सरळ सांगितलं, शिमग्याला, देवळापुढच्या मांडवात, अण्णांच्या नाटकात सुनेचं. तर म्हणतो कसा, "पण आत्या, ते काम तर मिलमधल्या काकांनी केलं होतं ना? आजोबाच सांगायचे. त्यांच्यावर पानभर लेख आहे आपला." आजोबाच सांगायचे! झालं, मिटलं. मेलेल्या माणसाच्या शब्दाला जे वजन, ते जित्या बाईच्या शब्दाला नाही. खरं काय ते माहीत असलेली आपण चौघंच होतो, भाऊ तर तेव्हा अगदी लहान. तो मिलवाला गेला, आई गेली, तुम्ही तर कधीचेच गेलात. उरले मी, आणि माझं कोण ऐकतंय! म्हणून आज तुम्हालाच गाठलं.

महाडचं आपलं भाड्याचं घर आठवतं का तुम्हाला? शाळेतून आलात की कोट खुंटीला अडकवायचा आणि थेट चुलीपाशी येऊन बसायचं, कारण घरातला बरा कंदील तिथेच. आई भाकऱ्या थापतेय, धुरानं डोळे चुरचुरतायत, आणि तुम्ही नाटकाचं नवं पान माझ्या हातात देताय. "वाच." मी वाचते. पाटील मी, तलाठी मी, सासू मी, सून मी. तुम्ही भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकताय, आणि जरा आवाज पडला की लगेच ओरडताय, "शेवट गिळू नकोस! मागच्या रांगेतल्या म्हातारीनं काय पाप केलंय?" एकदा सुनेचं रडणं मी फारच रंगवलं, तर पान हिसकावून घेतलंत. "रडायचं काम बघणाऱ्यांचं. तू नुसतं बोल." इथल्या नाट्यशिक्षणाच्या वर्गात पुढे मी बख्खळ फी भरली, अण्णा, पण याहून जास्त कुणी शिकवलं नाही मला. आणि हेच मला सोसत नाही. इतकं शिकवलंत ते कशासाठी? भाकऱ्या भाजायला उजेड मिळावा म्हणून?

काम अर्थातच माझं नव्हतं. गावच्या नाटकात बाई म्हणजे पुरुष, ती रीतच होती. आपल्या नाटकातली सून म्हणजे गावातला तो सडपातळ, गोरा चाकरमानी. मुंबईला मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, असायचा, आणि शिमग्याला घरी आला की मिशी उतरवायचा. पोलादपूरच्या स्टँडवर उतरून आपण डोंगरातल्या गावी पोचलो की तुम्ही मला हाक मारणार, "पोरी, याला जरा दाखव गो, कळशी कमरेवरून कशी उतरवतात." मी दाखवायची. पदर डोक्यावरून सरकला तर कुठल्या हातानं ओढायचा, सासऱ्यासमोर बसताना पाय कसे घ्यायचे, सगळं. तो मन लावून शिकायचा. माणूस वाईट नव्हता, उलट फार सरळ होता. म्हणायचा, "ताय, तूच कर ना गो, मी आपला बत्त्या धरतो." आणि आपण सगळे हसायचो. मीसुद्धा हसायचे, काय करणार!

आणि आपल्या लोकांची अक्कल तरी बघा. नाटक आणि पालखी एकाच दिवशी! ज्यानं रात्री सून व्हायचं त्यानंच दिवसभर पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची, आणि नुसतं नाचून भागत नाही, बोंबलावं लागतं. मानकऱ्याच्या घरातला म्हणून त्यानं सकाळपासून पालखी सोडली नाही. दिवेलागणीला रंगपटात आपण दोघंच होतो, तेव्हा तो आला आणि गळ्याला हात लावून उभा राहिला. "गुरुजी," एवढंच त्याच्या तोंडून कसंबसं आलं, तेही हवेसारखं. घसा पार बसलेला. बाहेर मांडव भरलाय, वाड्यावाड्यांवरून माणसं पेटत्या चुडी घेऊन आलीत, मुंबईच्या मंडळाचे लोक पुढे सतरंजीवर बसलेत. तुम्ही त्याला काढा पाजलात, मध चाटवलात, शिव्या घातल्यात. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला ते बघणं आजही दिसतं. बाप लेकीकडे बघतो तसं ते नव्हतं. तालीम मास्तर नटाकडे बघतो तसं होतं, आणि मी त्या एका क्षणावर आयुष्यभर जगले असते. पण तुम्ही पुढे बोललात. "सफेदा जाड लाव. केसांचा टोप घाल. आणि कुणाशी ब्र काढायचा नाही. लोकांना तोच वाटला पाहिजे."

म्हणजे काय झालं, लक्षात येतंय का? मी बाई. बाईचं काम करणारा जो पुरुष, त्या पुरुषाचं सोंग मी घेतलं. सोळा वर्षांची मी, उंचीला त्याच्याएवढी, महाडात वाढलेली, गावात चेहरा फारसा कुणाला ठाऊक नाही. त्याला तुम्ही देवळामागच्या खोलीत लपवलंत. पचलं! तिसऱ्या अंकात सून पंचांसमोर उभी राहते आणि विचारते, 'या घरात मी राबले ते कुणाच्या नावानं?' ते भाषण तुम्हीच लिहिलं होतंत, अण्णा. तुम्हीच! मी रडले नाही, नुसती बोलले. शेवट गिळला नाही. आणि मांडवातल्या बायांच्या बाजूनं असा हुंदका फुटला की पुढचं वाक्य मला थांबवून धरावं लागलं. पडद्यामागे एकाचं बोलणं कानावर आलं, "काय बाई उभी केलीन रे! खरी बाई झक मारेल हिच्यापुढं." खरी बाई तिथेच, दोन हातांवर, टोप काढायची चोरी म्हणून घामानं निथळत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे मुंबईच्या मंडळानं त्याला चांदीचं पदक दिलं. त्याला बोलायला सांगितलं, तर घशातून आवाज कुठे निघतोय! लोकांना काय वाटावं? "बघा, सुनेसाठी घसा फोडून घेतलान!" टाळ्या, नुसत्या टाळ्या. पालखीपुढे बोंबलून बसलेला घसा त्याच्या कलेला पुरावा झाला. कर्म माझं! तो मात्र तसाच आपल्या पडवीत आला आणि पदक माझ्यापुढे धरलं. "गुरुजी, ह्ये तायचं हाय. माझ्या अंगाला लागायचं नाय." मी हात पुढे केलाही होता. तुम्ही त्याचा हात धरून मागे सारलात. "गप रे. पोरीचं लग्न व्हायचंय अजून. तोंडाला रंग लावून चारचौघांत उभी राहिली म्हटल्यावर कोण करून घेईल हिला?" आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मला दिसली हो. पदर ओढलान तेव्हाच वळखलं मी." तर तिच्यावरही डाफरलात, "काय दिसली? वाक्यं पुरवायला पुस्तक धरून विंगेत बसली होती ती." आणि मग तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. माझ्यादेखत! "काम छान झालं हो तुझं," म्हणालात. त्याची मान खाली गेली. गावात नाव लपवलंत ते मी समजू शकते. पण घरात, चुलीपाशी, चौघांत, मला एकटीला तरी कधी म्हणायचं होतंत. नाही म्हणालात. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही.

आणि ज्या लग्नासाठी हे सगळं, ते लग्न झालंच नाही, घ्या! मी मुंबईला नर्सिंगला गेले, तिथून बोटीनं इकडे आले, आणि इथल्या दवाखान्यात रुग्णांची गाणी-नकलांची हौस भागवत असताना त्यांच्यातल्याच एकीनं मला टीव्हीवाल्यांकडे नेलं. त्यांना नर्सच हवी होती. ट्रे सरळ धरणारी, डॉक्टरांना हो म्हणणारी. मी ट्रे सरळ धरला. मग आया झाले, दुकानदाराची बायको झाले, दाराशी उभं राहून रडणारी आई झाले, तीही माझ्याच वयाच्या नटाची. वाक्यं दोन, कधी तीन. पण पडद्यावर नाव यायचं, अगदी शेवटी, मुंगीएवढं. त्या मुंगीएवढ्या नावाचा मी फोटो काढून तुम्हाला धाडला होता. तुमचं उत्तर आलं, 'दवाखान्यातली नोकरी सोडू नकोस.'

मग टीव्हीचं एक संस्थानी नाटक आलं. हिंदुस्थानातली एक विधवा राणी, तिचं सगळं दुःख, तिची सगळी वाक्यं. मला बोलावणं आलं तेव्हा मी आरशापुढे उभी राहून तुमच्यासारखे डोळे मिटून पाठांतर केलं. गेले तर काय, राणीचं काम एका इंग्रज बाईला. तोंडाला, मानेला तपकिरी रंग. मला कशाला बोलावलं? तिला लुगडं नेसवायला. पदर डोक्यावरून सरकला तर कुठल्या हातानं ओढायचा ते दाखवायला! अण्णा, मी तिथे मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं खुशीत आहे. पुढे एक प्रसंग होता, राणी स्वतः कणीक मळते. ओल्या कणकेत तिच्या हातांचा रंग उतरायला लागला, परातीत नुसता चिखल. दिग्दर्शक म्हणाला, हिचे हात घ्या. हात माझे, तोंड तिचं. महिन्यानं टीव्हीवर बघितलं, माझे हात इतकं सुरेख बोलत होते की शेजारीण म्हणाली, ही नटी खरी कसलेली आहे. शेवटी माझं नाव मुंगीएवढंही नव्हतं. ती इंग्रज बाईही वाईट नव्हती हो, चहा घेऊन यायची माझ्यासाठी. दोन्ही वेळा माणसं चांगलीच भेटली, हाच तर वैताग आहे. भांडायचं कुणाशी?

तुमच्याशी. म्हणून त्याच वर्षी रजा काढून गावी आले. आई नव्हती तेव्हा. तुम्ही निवृत्त होऊन डोंगरातल्या घरी राहत होतात. लंडनची लेक बघायला माणसं जमली, पडवी भरली. ते हातांचं सगळं मी सांगितलं, लोक चुकचुकले. मग आपल्या नाटकांत बत्त्या सांभाळणारा तो म्हातारा म्हणाला, "गुरुजी, काय पन म्हना, आपल्या त्या सुनेवानी बाई परत झाली नाय." आणि तुम्ही कसे फुललात! "ती सून पुन्हा होणे नाही. काय आवाज लावला होता त्यानं!" मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, तो आवाज माझा होता." सगळे हसले, वाटलं असेल पोरगी थट्टा करतेय. तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडे वळलात, डोक्यावरून हात फिरवलात, इतक्या मायेनं की मी लहानपणीही तसा अनुभवला नव्हता, आणि म्हणालात, "तू? तू विंगेत पुस्तक धरून बसली होतीस गो. विसरलीस?"

कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात. डोंबल! तुम्ही झाकलंत आणि उजाडलंच नाही. त्या वेळी मी तुमचा चेहरा निरखून बघितला. माझा धंदाच तो, कोण खरं बोलतं नि कोण सोंग करतं ते मला पापणीवरून कळतं. तुमची पापणी हलली नाही. खरंच विसरला होतात? मग इतकी वर्षं खोटं सांगून सांगून स्वतःच्या पोरीला स्वतःच्या डोक्यातून पुसून टाकलीत. की सोंग होतं? मग आता कशासाठी? माझं लग्न तर उरलं नव्हतं मोडायला! दोन्हींतलं काहीही असो, मला ते माफ नाही. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात, आणि विचारायचं राहिलं. आता तुमच्या नातवाच्या स्मरणिकेत तुमचंच खरं होणार. महाडला कारखाने झाले, पोरं मोटरसायकलवर कामाला जातात, म्हणे गावातल्या मुली धडाधड नाटकात कामं करतात. त्यांनी तो लेख वाचायचा आणि त्या मिलवाल्याचं कौतुक करायचं.

हे पत्र मी नातवाला धाडलं तर त्याला छापावं लागेल, आणि गावासमोर तुम्ही खोटे ठराल. ते माझ्याच्यानं होत नाही, याचाही संताप येतो. तेव्हा ते इथेच राहील. पण एक कुणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. पडवीतल्या त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी पोलादपूरच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीची वाट बघत उभी होते. तुमचा हात अजून डोक्यावर असल्यासारखा वाटत होता. आणि अण्णा, उभ्या उभ्या मला वाटलं, अण्णा म्हणतायत म्हणजे असेल तसंच, मी विंगेतच बसले असेन. गाडी लागली, मी चढले, तिकीट काढलं, आणि महाड मागे पडेपर्यंत मी ते खरं मानत होते.