सुईला दिलेलं उत्तर

१० नोव्हेंबर १९५८
पोचलो एकदाचा. आगबोट बंदरापासून लांबच उभी राहते, पुढे काठापर्यंत पडाव, म्हणजे साधी होडी. त्या पडावात माझी पुस्तकांची ट्रंक भिजता भिजता वाचली. मग मालवणहून खटारा एस.टी. खाडीकाठचं हे धर्मार्थ इस्पितळ सहा खाटांचं, पण ओसरी अशी की मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी हेवा करावा. इथल्या जुन्या नर्स आनंदीबाई यांनी इसवणाची, म्हणजे आपल्या सुरमईची, कढी आणि भात वाढला. दुसऱ्या वाढीला मी ठरवून टाकलं, आपण इथून हलणार नाही.

१२ नोव्हेंबर
पहिली महत्त्वाची रोगी. नर्मदा, मासे विकते, वय पस्तिशीचं. कालवं काढताना तळवा चिरला आणि घरभर रक्ताची पावलं उमटली तरी हिला पत्ता नाही. नवऱ्याने, धोंडूने सांगितलं तेव्हा कळलं. जावांनी तिचं ताट वेगळं ठेवलंय. महारोग असेल तर मासे कोण घेणार आणि घरात कोण ठेवणार, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

अंगावर एक चट्टा नाही, नसा जाड नाहीत. महारोग नाही असं ठामपणे सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून रडली. मलाही बरं वाटलं. मग गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावर किल्ली ओढली, डोळे मिटून उभं केलं तर झोकांडी गेली. उद्या सुईची तपासणी. डोळे मिटायचे आणि टोचलं की होय म्हणायचं. आनंदीबाईंनी सुचवलं, आधीचे डॉक्टर बोट वर करायला सांगत. मी म्हटलं, मी रोग्याचं बोट बघू की पाय? त्या सुया उकळायला निघून गेल्या.

१३ नोव्हेंबर
सात वेळा टोचलं. घोट्याखाली काही नाही, वर नीट कळतं. घोट्यावर शाईने रेघ मारली. सुई तबकात ठेवून लिहायला बसलो तेव्हा ती न टोचताच आणखी एकदा होय म्हणाली. कुठे टोचलं विचारलं तर तिने पोटरीवर बोट ठेवलं. मनाचे खेळ.

१५ नोव्हेंबर
बधिरपणा बरोबर तिने बोट ठेवलं होतं तिथवर चढलाय. आज पुन्हा तपासलं. जास्तीचे दोन होय, मांडीवर. खोलीत आनंदीबाई धरून आम्ही तिघंच, भर दुपारचं ऊन.

१७ नोव्हेंबर
रेघ कमरेला. पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं, नारळपाण्यासारखं स्वच्छ. माझ्या पुस्तकांत हा आजार नाही. रेघ छातीवर गेली तर श्वास थांबेल, हे मात्र पुस्तकात आहे. आनंदीबाई आजवर माझ्याशी शुद्ध मराठीत बोलायच्या. आज हात धुता धुता म्हणाल्या,
“जो दिसणा नाय, तेका होय म्हणूचा नाय, डॉक्टर. तुमी तिका म्हणूक शिकवलास.”
मला हसू आलं नाही.

१८ नोव्हेंबर
नर्मदेला सांगितलं, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. ती डोळे मिटून गप्प राहिली. मी भिंतीला टेकून उभा, हात मोकळे. तिच्या बरगडीखाली कातडी आत दबली. सुटली. पुन्हा दबली, अधिक खोल. जणू कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ उघडायला लागले. ही चूक माझी होती, तिची नव्हती. मला ते बघवेना.
मीच म्हटलं, होय.

१९ नोव्हेंबर
नर्मदेच्या पायाला मुंगी चावली. ती एवढी हसली की धोंडू घाबरला. दुपारी ओसरीवर माझी डावी चप्पल मागे राहिली. मला कळलं नाही.

२१ नोव्हेंबर
नर्मदा चालत घरी गेली. जावेने तिचं ताट आपल्या शेजारी मांडलं म्हणे. चांगलं झालं. खरंच चांगलं झालं.
माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. पोस्टमनने विचारलं, नवे डॉक्टर तुम्हीच ना — मी हो म्हणून बसलो. हो काय, होय काय, त्याला सारखंच. माणूस दिवसात किती वेळा हो म्हणतो, कधी मोजलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर
कमर. उभं राहवत नाही. आनंदीबाई मोठ्या डॉक्टरांना आणायला सकाळच्या गाडीने मालवणला गेल्या. “मी येईपर्यंत कुणाला होय म्हणणार नाही ना?” असं त्यांनी दारातून विचारलं. मी बोट वर केलं. त्या रडल्या.

२२, दुपार
गप्प बसलोय. बरगडीखाली टोचतंय —
फक्त लिहायचं. तोंड नाही —
मनगट. पुन्हा मनगट. गप्प —
खांदा —

पाठीमागून आनंदीबाईंनी विचारलं, “लिवन झाला?” मी होय म्हटलं. बरं वाटलं त्या परत आल्या म्हणून —
पण गाडी तर संध्याका—
मागे वळून बघता येत नाही. मान —
टाक हातात दिसतोय. लिहितोय तो. पण मला हात