अण्णा, तुमची मशीन उघडली

अण्णा, आज दुपारी तुमची मशीन, तो जुना कॉम्प्युटर, मी उघडली. डेअरीच्या खोलीत, दुधाच्या पालथ्या कॅनवर पेपर अंथरून, बाजूचा पत्रा काढून, स्क्रू एका वाटीत टाकून बसले होते. तुम्ही असता तर ओरडून गाव गोळा केलं असतं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी पहिला स्क्रू फिरवताना मी दाराकडं बघितलंच. माणूस जातं, पण धाक काही जात नाही, आणि त्याचाच मला आज लई राग आलाय.

झालं असं, की दूध संघानं संकलनाचा नवा प्रोग्राम पाठवला आणि जुना आज संध्याकाळपासून बंद केला. नवा या मशीनवर टाकला तर तो उघडेचना. मेमरी अपुरी आहे म्हणतो आणि गप बसतो. संघात फोन केला तर तिकडचे साहेब म्हणतात, 'मॅडम, नवा कॉम्प्युटर घ्या की.' घ्या की म्हणे. दुधाचं फॅट मोजायच्या यंत्राची ती रुंद पिनांची वायर नव्या कॉम्प्युटरला बसत नाही, म्हणजे ते यंत्रही नवं घ्या. इथं पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसलाय, गावातली निम्मी जनावरं छावणीत बांधलीत, टँकर आला की कळशीवरून भांडणं. आणि यांना कॉम्प्युटर घ्या. शेवटी काल अंबाजोगाईला गेले आणि तुमच्या त्याच मेकॅनिकचाचांच्या दुकानातून जुन्या जातीची मेमरीची पट्टी शोधून आणली.

तुम्हाला माहीत नसेल, आपली दूध संस्था आता बायकांची आहे. तुमच्या माघारी पुरुषांनी आपापसात भांडून ती बुडवली. आम्ही परत उभी केली, आणि तुमच्या खुर्चीवर सचिव म्हणून मी बसते. खाजगी डेअरीची गाडी रोज संध्याकाळी पाराजवळ येऊन उभी राहते आणि हॉर्न वाजवते. तरी बायका आमच्याकडं येतात, कारण दूध ओतलं की तिथल्या तिथं फॅटची छापील पावती हातात पडते. शेजारच्या काकूंनी आज सकाळी तोंडावर सांगितलं, 'पोरी, तू आपली हायस म्हणून थांबलो. पर आज सांजच्याला पावती न्हाई निगाली तर म्या गाडीला घालीन दूध. आन् म्या गेले की समद्या येत्यात माज्या मागं.' खोटं काय बोलल्या त्या? एकदा गाडीला लागलेलं दूध परत येत नाही. संध्याकाळपर्यंत मशीन नीट झाली तर संस्था, नाहीतर खोलीला कुलूप.

ती पावतीही तुम्हीच सुरू केलेली. त्याआधी मापावरून रोजची कचकच असायची, पाणी घातलं का नाही घातलं, एकदा तर कॅन डोक्यात घालायची वेळ आलेली. मशीन आली आणि भांडणं मिटली. तुम्ही गावाला सांगायचात, 'ती खोटं बोलत न्हाई. तिला कुनी शिकवलंच न्हाई आजून.' आईनं जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं तिच्यासाठी, आणि खोलीची चावी तुमच्या करदोड्याला. मी अंबाजोगाईला कॉम्प्युटरच शिकत होते, अण्णा. सुट्टीत आले आणि म्हणाले, जरा उघडून दाखवा, धूळ काढते. तुम्ही माझा हात असा झटकलात. 'भायेर हो. शिकून आलीस म्हंजी लई शानी झालीस का?' चार सभासद बसलेले होते समोर. ते हसले. मी घरी येऊन भाकरी थापत बसले आणि सगळ्या करपवल्या, आणि तुम्ही त्या न बोलता खाल्ल्या.

त्याच सुट्टीतली खंडेनवमी. त्या वर्षीही दुष्काळच होता. अंगणात विळे, कोयते, पाभर, दुधाची मापं मांडलीत. आई धान्याच्या रिकाम्या कणगीच्या तळाला हळदकुंकू लावतेय, आपल्या घरी लावतात तसं, भरलेलीला नाही, रिकामीलाच, म्हणजे पुढं भर पडते. आणि तुम्ही ताट घेऊन डेअरीकडं निघालाय, मेकॅनिकचाचांना बरोबर घेऊन. मी मागोमाग आले तर दार आतून लावलेलं. बऱ्याच वेळानं बाहेर आलात, अंगठा लाल, चेहऱ्यावर समाधान. मला वाटलं, लावलं असेल वरच्या पत्र्याला.

आज काय झालं ऐका. नवी पट्टी बसवली, बटण दाबलं, तर पडदा काळा आणि आतून लांब पिपाणी, थांबून पुन्हा पिपाणी. पट्टी काढली की सुरू, घातली की बंद. खोडरबरानं पट्टीचे पिवळे दात घासले, कॉलेजात शिकवलेलं सगळं करून बघितलं, घामानं डोळ्यांत झोंबायला लागलं. बाहेर काकू दोनदा डोकावून गेल्या. शेवटी मोबाईलची बॅटरी लावून पट्टी बसते त्या खाचेत बघितलं. आत लालपिवळं काहीतरी घट्ट सुकून बसलेलं, आणि त्यात रुतलेली एक अक्षता. तांदळाचा दाणा, अण्णा, मेमरीच्या खाचेत.

चाचांना फोन लावला तर ते हसायलाच लागले. म्हणाले, 'बेटी, मैं अण्णा को बोल्या था, ऊपर से लगाओ. सुने नहीं. मेरे से पूछे, ये ध्यान में किधर रखती? मैं बताया, ये पट्टी में. तो बोले, भरी हुई को क्या लगाना, बाजू की सब खाली हैं ना, उनको लगाता, आगे भर पडेगी.'

मी फोन ठेवला आणि तुम्हाला मोठ्यानं बोलले. खोलीत कोणी नव्हतं म्हणून बरं. जिथं भर पडावी म्हणून कुंकू लावलंत तिथंच ते असं बसलं की भर पडेना. आणि मला त्या दिवशी आत घेतलं असतंत तर मी तिथल्या तिथं तुमचा हात धरला असता. एवढंच म्हणायचं होतं मला तेव्हा. बांगडीतली पिन काढून ती अक्षता उकरली, स्पिरिटमध्ये जुना ब्रश बुडवून दात न् दात घासला, बोटं लाल झाली. पट्टी परत बसवली. बटण दाबताना आई जोगाईचं नाव घेतलं, हे कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. एकच छोटी पिपाणी वाजली. सेटिंगच्या निळ्या पडद्यावर जाऊन बघितलं तर मेमरी दुप्पट. नवा प्रोग्राम उघडला.

सांजच्याला पहिलं दूध काकूंचंच. पावती निघाली, त्यांनी ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, 'न्हाई म्हनलं तरी तुज्या बापाची मशीन हाय ती.' दिवसभर राबले मी, अण्णा, आणि नाव तुमचं. बाहेर गाडीनं हॉर्न वाजवला, एकही बाई वळली नाही.

हे मी त्याच मशीनवर टाइप करतेय, अडकते का बघायला. अडकत नाहीये. बंद करताना ती विचारेल, लिहिलेलं ठेवायचं का, आणि मी नाही म्हणेन, कारण तुम्हाला हे पोचवायची सोय माझ्याकडं नाही आणि दुसऱ्या कोणी वाचायचं कारण नाही. चाचांनी बजावलं होतं, सगळ्या खाचा साफ कर, पुढं तरास देतील. मी हो म्हणाले. स्पिरिट शिल्लक होतं, ब्रश हातात होता, वेळही होता. पण बाकीच्या दोन खाचा तुमच्या कुंकवासकट तशाच ठेवून मी पत्रा लावलाय. अजून रिकाम्या आहेत त्या.