नऊ वह्या

समरकंद,
शुक्रवार, १४ मार्च १९५२

प्रिय मझोल आपा,

तुला आणि गिरणीच्या वसतिगृहातल्या सगळ्या बायकांना सलाम. तुझा खोकला गेला का? इथे जर्दाळूला फुलं आलीत. तुझी सिव्यो दोन बोटं उंच झाली आणि तिची जीभ चार बोटं. परवा शेजारच्या म्हातारीने विचारलं, "किती बोलतेस गं! दात दुखत नाहीत?" तर ही म्हणे, "बोलायला दात कशाला लागतात? तुम्हाला कुठे आहेत!" माफी मागता मागता माझ्या नाकी नऊ आले.

पत्राबरोबर सिव्योलाच दारात पाहून तू दचकली असशील. आधी सगळं वाच, मग काय त्या शिव्या दे.

तिला माझ्याकडे ठेवलंस तेव्हा एकच अट घातली होतीस. "तिला रशियन शिकव, गणित शिकव. हिब्रू आणि आपले सणवार तेवढे शिकवू नकोस. नवरा लढाईत गेला, आता मुलगी घालवायची नाही मला." मी हो म्हटलं होतं. आपा, मी शिकवलं. दर मंगळवारी शिवणकामाच्या नावाखाली आठ मुलं माझ्याकडे यायची. हिला किती दिवस दुसऱ्या खोलीत कोंडणार? दाराआडून ऐकून ऐकून हिने मुळाक्षरं पाठ केली, नानवरची प्रार्थना पाठ केली, तीही त्या आठ जणांच्या आधी. मग मी तिलाही वही दिली.

जानेवारीत झडत्या सुरू झाल्या तेव्हा तू निरोप धाडलास, घरात काही असेल तर जाळून टाक. मी जाळल्याचं कळवलं. ते खोटं होतं. चूल पेटवली होती, पहिली वही आत घातलीही होती. सिव्यो किंचाळली, "मावशी, त्याचं नाव जळतंय!" मीच शिकवलं होतं ना, की ज्या कागदावर त्याचं, वरच्याचं नाव असेल तो जाळायचा नाही, फाडायचा नाही, माणसासारखा मातीत ठेवायचा. मी बोटं भाजून घेत वही बाहेर ओढली. नऊच्या नऊ वह्या मडक्यात घालून कब्रस्तानाच्या रखवालदाराला, पिंखासबाबांना दिल्या. त्यांनी त्या भिंतीलगत पुरल्या.

प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर मुलाचं नाव आणि बापाचं नाव. मीच हौसेने त्यांच्याकडून लिहून घेतलेलं. तेवढे पुठ्ठे फाडून चुलीत टाकले असते तर कसलंच पाप लागणार नव्हतं. सुचलं नाही गं. त्याचं नाव वाचवायच्या नादात मुलांची नावं विसरले. कसली मी शिकवणारी!

सोमवारी पाण्याच्या नळासाठी चर खणताना मडकं फुटलं आणि पोलिसांनी पिंखासबाबांना नेलं. बाबा म्हणाले, हे सगळं मीच लिहिलंय. साहेब हसला म्हणे. "म्हाताऱ्या, ही नऊ तऱ्हांची अक्षरं तुझ्या एकट्याची?"

"ऐंशी वर्षांचा आहे साहेब. हात रोज वेगळा थरथरतो."

हे सांगताना त्यांची सून हसत होती आणि रडतही होती. त्यांना अजून सोडलेलं नाही. कचेरीत कुणाला आपली लिपी वाचता येत नाही. मंगळवारी ताश्कंदहून वाचणारा येतोय.

आठ घरी मी स्वतः जाऊन सांगून आले. एकाने दार लावून घेतलं. एका आईने माझ्या थोबाडीत दिली आणि मग प्यायला पाणीही दिलं. नववं घर तुझं. वहीवर स्वच्छ लिहिलंय, "सिव्यो, अमनूनची मुलगी."

म्हणून तिला तिकडेच निघालेल्या याफाकाकूंबरोबर पाठवतेय. उद्या शनिवार, शनिवारी गाडीत बसायचं नसतं म्हणून अडून बसली होती. जीव वाचवायला शनिवार मोडला तर चालतो, हाही नियमच आहे असं सांगितलं तेव्हा उठली. मी येत नाही. सोमवारी कचेरीत जाऊन सांगणार आहे, वह्या माझ्या आहेत, म्हाताऱ्याला सोडा. मला भीती वाटते, आपा. काल कणकेत दोनदा मीठ घातलं.

तिला तिकडे दुसऱ्या आडनावाने शाळेत घाल. नान मोडण्याआधी तिचे ओठ हलतात. मारू नकोस, हातात पाण्याचा पेला दे, म्हणजे कुणाच्या लक्षात येणार नाही. कुणी चौकशीला आलं तर समरकंदमध्ये तुला बहीण नाही. तिच्याकडूनही घोकून घे: "मला मावशी नाही." रोज दहा वेळा म्हणायला लाव. पहिले दोन-तीन दिवस रडेल. पण पाठांतर चांगलं आहे तिचं, आठवड्याभरात न रडता म्हणेल.

या पत्रात त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही, तेव्हा बिनघोर चुलीत घाल. खाली माझंही लिहीत नाही.