पाहुण्याचं घमेलं

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. (कंबर वाकलेलीच आहे, वेगळे कष्ट पडले नाहीत.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला असेल अशी आशा. इकडे सगळे ठीक, एक मी सोडून. रविवारी टेम्पो आणा आणि तुमचा घोडा घेऊन जा, असं मी परवा फोनवर जरा चढ्या आवाजात बोललो. त्याची कारणं सविस्तर लिहितो.

"आठच दिवस सांभाळ रे," म्हणून तुम्ही या पाहुण्याला आमच्या स्कूटरच्या शेडमध्ये बांधलंत, त्याला चार महिने झाले. स्कूटर अंगणात गंजते आहे. पाहुण्याचं वय सत्तावीस. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, माणसाची ऐंशी धरा, म्हणजे आमच्या बाबांच्या बरोबरीचा. तो गवत चघळून बोळे खाली टाकायचा आणि मी त्याला माजोरडा म्हणायचो. डॉक्टरांनी जबडा उघडून दाखवला, तर दाढा पार झिजलेल्या. टोचणाऱ्या कडांवर त्यांनी कानस फिरवली (मी मागच्या बाजूला का उभा राहिलो, ते मलाही ठाऊक नाही, लाथ कुठे बसली हे विचारू नका) आणि फर्मावलं: कोंडा नि पेंड कोमट पाण्यात भिजवून, चिमूटभर मीठ घालून, थोडंथोडं दिवसातून चार वेळा. वर रोज हळूहळू एक फेरी.

मामा, माझ्या ऑफिसच्या शर्टाला आता कोंड्याचा वास येतो. इतकं करून घमेलं लख्ख आणि पाहुण्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा! बायको म्हणाली, जंत असतील. जंताचंही औषध झालं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, तेच कळेना.

बाबांचं तुम्हाला माहीत आहेच. आई गेल्यापासून ताटावर बसतात आणि तसेच उठतात. कवळी ग्लासात. मऊ भात कालवून दिला की, "मी काय तान्हं बाळ आहे?" त्यांचे सदरे सैल होत चाललेले पाहून मी मनातून फार घाबरलो होतो. या महिन्यात मात्र गाल चक्क भरले. श्रेय मी माझ्या टॉनिकला दिलं आणि चार लोकांना त्याचं नावही सांगितलं.

आज दुपारी शेडमध्ये गेलो, तर बाबा स्टुलावर, पुढ्यात घमेलं. एक मूठ पाहुण्याला, एक स्वतःला. खाताखाता त्याला आईबद्दल सांगत होते, "हिला मिठाचा अंदाज कधी आलाच नाही बघ. पण वाढायची मात्र पोटभर." पाहुणा मान हलवत होता. मी आल्या पावली मागे फिरलो आणि स्वयंपाकघरात जाऊन रडलो, खोटं कशाला बोलू?

तर अशी सगळी कारणं आहेत. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. रविवारी टेम्पो आणाच, पण रिकामा नको. कोंड्याची चार पोती घाला. एका घमेल्यात ऐंशीची दोन पोटं भरत नाहीत, म्हणून मोठं घमेलं आणलं आहे.

ता. क. पुन्हा: घोडा परत मागू नका. नेलात तर बाबा त्याच टेम्पोत बसतील.

ता. क. शेवटचं: मीठ खरंच कमी होतं. (चाखून पाहिल्याशिवाय कसं कळणार?) हे बाबांना सांगू नका, आईची बाजू घेणारा घरात मी एकटाच उरलो आहे.