बाईंनी कॉपी पुरवली

चि. धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. गुडघ्याचं कसं आहे? भावजयबाईंचा खोकला गेला का? (तू स्वतः डॉक्टर होऊन औषध देऊ नकोस, आधीच ती माउली सोशीक आहे.) माझी तब्येत फोनवर "ठीक" म्हणून सांगितली होती, ते अर्धसत्य. तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज आली होती, ती उतरली. धाप मात्र उतरेना, म्हणून आणखी तपासण्या केल्या, तर फुप्फुसातून रक्त बाहेर नेणाऱ्या बारीक नसाच बुजत चाललेल्या निघाल्या. दहा लाखांत एखाद्याला होतं म्हणे. जन्मात कधी पहिला नंबर आला नाही, तो असा आला. उपाय एकच, दोन्ही फुप्फुसं बदलायची. यादीत नाव घालायचं की नाही ते सोमवारपर्यंत कळवा, असं मोठे डॉक्टर म्हणाले आणि मी मनातल्या मनात "नाही" ठरवूनही टाकलं. अठ्ठावन्न वर्षं वापरलेलं शरीर, त्याला आता नवे सुटे भाग कशाला?

तर असा दुर्मीळ पेशंट आयता हाताशी आल्यावर शिकाऊ डॉक्टरांची परीक्षा माझ्यावरच घ्यायचं ठरलं. आजार सांगायचा नाही, विचारतील तेवढंच बोलायचं, अशी मला ताकीद. मला! चौतीस वर्षं परीक्षेच्या वर्गांवर पहारा केलेल्या बाईला. तू विसरला नसशीलच, सातवीच्या गणिताला तुझ्या मोज्यातली चिठ्ठी मीच काढली होती. नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झालेले, अंगात नवा जोर, सख्ख्या भावाला कान धरून हेडमास्तरांपुढे उभं केलं. आठवडाभर तू माझ्याशी बोलला नाहीस, पण घरी यायचास माझ्याच सायकलवर मागे बसून, तोंड उलट्या दिशेला करून. उताराला मी पायडल मारणं सोडून द्यायचे आणि तू रुसवा तसाच ठेवून माझी वेणी घट्ट धरायचास. फार आठवतात रे ते दिवस हल्ली. चढावर तुझ्यासकट सायकल ओढायचे, तरी धाप म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

असो, नमनालाच घडाभर तेल झालं. परीक्षेला एक बारकीशी मुलगी आली, हात गारठलेले. हृदयाला सूज येऊन गेलेली तिनं बरोबर ओळखली आणि तिथंच गाडी अडली. परीक्षक खिडकीशी चहा पीत होते. पोरगी कोऱ्या कागदाकडे बघत उभी, आता रडते की मग रडते. मला राहवलं नाही. हळूच म्हटलं, "हृदयावरच थांबू नकोस, शेजारच्या घरी डोकाव." परीक्षक गर्रकन वळले, कोण बोललं म्हणाले. मी निर्लज्जासारखी छताकडे बघत राहिले, पण त्या वेडीनं सगळं कबूल केलं. मग त्यांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं, आणि तीही हटली नाही. फुप्फुसातल्या नसा बुजताहेत हे तिनं हेरलं. नसा सैल करायची नेहमीची औषधं अशा पेशंटच्या फुप्फुसात पाणी भरू शकतात, फुप्फुसं बदलली नाहीत तर पेशंट जेमतेम वर्ष-दोन वर्षं, असं घडाघडा म्हणून गेली आणि मग आपण कोणाबद्दल बोलतोय ते तिच्या लक्षात आलं. मोठे डॉक्टर हेच महिनाभर आडवळणानं सांगत होते, मी ते कानाआड केलं होतं. त्या दिवशी मात्र नीट ऐकू आलं, धाकट्या.

ती पास झाली. संध्याकाळी येऊन खाटेशी उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "बाई, यादीत नाव घाला ना." पिकलं पान, निसर्गाचा नियम वगैरे मी सुरू केलं, तर दुसऱ्याच वाक्याला धाप लागली. ती पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

तू काळजी करू नकोस. गुडघा दुखत असताना दगदग करून इकडे तर मुळीच येऊ नकोस. इथे सगळी सोय आहे.

तुझी,
ताई

ता. क. : मी सही केली.

ता. क. दुसरा : ऑपरेशननंतर तीन महिने जवळ राहणारं घरचं माणूस दाखवल्याशिवाय यादीत नाव घेत नाहीत. त्या रकान्यात तुझं नाव घातलं आहे. तुला विचारलेलं नाही.

ता. क. तिसरा : वर "येऊ नकोस" लिहिलंय, ते खोडणार होते, पण खाडाखोड मला खपत नाही. ये रे. मला अजून जगायचंय.